विसार देण्याआधी

नोकरी करणारा मराठी माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर घेतो. त्याच्यासमोर बसलेली माणसे मात्र हेच काम रोज करत असतात. बिल्डरचा वकील असतो, बँकेच्या पॅनेलवरचा वकील असतो, एजंटाला व्यवहार झाला तरच दलाली मिळणार असते. जुना फ्लॅट असेल तर विकणाऱ्याचा कोणीतरी नातेवाईक ‘कागद सगळे क्लिअर आहेत’ असे सांगायला हजर असतो. ज्याचे पैसे जायचे आहेत आणि ज्याच्या पगारातून पुढची वीस वर्षे हप्ता कापला जाणार आहे, त्याच्या वतीने बोलणारा मात्र कोणीच नसतो. हे पुस्तक त्या माणसासाठी आहे आणि त्याचे म्हणणे एकच आहे : घर घेताना स्वतःचा, स्वतः फी देऊन नेमलेला वकील हवा, आणि तो विसार देण्याआधी हवा.

‘रजिस्ट्री झाली, आता घर आपले’ ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नंबर लावून बसलेल्या कुटुंबाकडे पाहिले की तिचे कारणही कळते. फोटो निघतो, अंगठे उमटतात, साक्षीदार ओळख पटवतात, सरकारी शिक्क्याचा कागद हातात पडतो. एवढ्या सोपस्कारानंतर सरकारने मालकी तपासूनच शिक्का मारला असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली बसलेला अधिकारी पाहतो ते एवढेच, की मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे का, सही करणारा तोच माणूस आहे का, आणि सही आपली असल्याचे तो कबूल करतो का. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. तमिळनाडूच्या एका नियमाने विक्रेत्याने आपली मालकी दाखवल्याशिवाय दस्त नोंदवू नये असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो नियम रद्द ठरवला. नोंदणी दस्ताची होते. मालकीची हमी आपल्या देशात सरकार देत नाही.

काही देश ती देतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ साली आणलेल्या पद्धतीत सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, असा सरळ नियम आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून लँड रजिस्ट्री आहे आणि तिच्या नोंदीतल्या चुकीमुळे नुकसान झाले तर भरपाईची तरतूद आहे. तरीही तिथे घर घेणारा माणूस कन्व्हेयन्सिंग सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर नेमल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. सरकार हमी देते त्या देशात लोक स्वतःचा वकील नेमतात आणि सरकार हमी देत नाही त्या आपल्या देशात ‘कशाला उगाच खर्च’ म्हणतात, हे मला वर्षानुवर्षे खटकत आले आहे.

त्यातही एक गोष्ट खरेदीदाराला कोणी सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानुसार, नोंदणी सक्तीची असलेला दस्त रीतसर नोंदवला गेला असेल तर तो तुम्हाला माहीत होता असेच धरले जाते. तुम्ही नोंदणी कार्यालयातला इंडेक्स पाहिला की नाही, हा प्रश्नच उरत नाही. म्हणजे सरकार तपासून देणार नाही, आणि तपासायला हवे होते ही जबाबदारी मात्र तुमचीच.

तपासायचे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. वकील ‘सर्च’ घेतो, तेव्हा तो मिळकतीचा साधारण तीस वर्षांचा माग काढतो. तीस हा आकडा प्रघाताचा आहे, पण त्याला टेकू आहे. ताब्याच्या दाव्याची मुदत बारा वर्षांची असते आणि गहाण सोडवून घेण्याची तीस वर्षांची. महाराष्ट्रात नोंदणी संगणकावर आली ती २००२ च्या सुमारास. त्याआधीचा माग म्हणजे कार्यालयातली जाड बांधणीची इंडेक्स टू ची पुस्तके. गावाचे नाव, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, लिहून देणार, लिहून घेणार, मोबदला, दस्त क्रमांक, अशी ओळीमागून ओळ वाचत जायचे. काही वर्षांची पाने फाटलेली असतात, काहींची बांधणी सुटलेली असते, काही वर्षे मिळतच नाहीत. प्रामाणिक वकील आपल्या अहवालात वर्षवार तसे लिहितो. ज्या अहवालात तीसही वर्षांपुढे ‘नोंद आढळली नाही’ एवढेच लिहिलेले असते आणि सोबत सर्च फीची पावती जोडलेली असते, तो अहवाल मला चिंतेत टाकतो.

इंडेक्सच्या जोडीला सातबारा, आठ-अ आणि फेरफार, किंवा शहरात मिळकत पत्रिका. सातबारा हातात आला की लोक डावीकडे नाव आणि क्षेत्र पाहतात आणि कागद घडी करून ठेवतात. वकिलाची नजर आधी ‘इतर हक्क’ या रकान्याकडे जाते. सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा, वहिवाटीची वाट, न्यायालयातल्या दाव्याची नोंद, सगळे तिथे असते. कुठल्या नावाला कंस केला आहे, तो कोणत्या फेरफाराने केला, आणि त्या फेरफाराला आधार कशाचा होता, हे तो शोधत मागे जातो. सातबारा हा महसुली कागद आहे. त्यातल्या नोंदी बरोबर आहेत असे कायदा गृहीत धरतो, पण त्यातून मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हापुन्हा सांगितले आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याच्या उपनगरातली एक इमारत. तिची जमीन एका शेतकरी कुटुंबाची होती. वडील १९८७ मध्ये गेले. फेरफार झाला आणि थोरल्या मुलाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिले गेले, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिघा भावांनी १९९६ मध्ये वाटणी करून घेतली. त्या कागदावर दोन बहिणींच्या सह्या नाहीत. त्यांचे हक्कसोडपत्रही नाही. २००३ मध्ये जमीन बिल्डरकडे गेली, २००६ मध्ये इमारत उभी राहिली, आणि आज तिच्या चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट तुम्ही पाहून आला आहात. संगणकावर इंडेक्स काढला तर २००३ नंतरचे सगळे स्वच्छ दिसते. बहिणी मात्र तिथे दिसणार नाहीत, कारण त्यांनी काही लिहूनच दिलेले नाही. वडिलांच्या हिश्श्यात मुलींचा वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच आला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायाद केले, ती पुढची पायरी. आता त्यांच्यापैकी एकीच्या मुलाने दावा लावला, तर तो मुदतीत टिकेल की नाही हे न्यायालय ठरवेल आणि त्याला वर्षे लागतील. तेवढ्या काळात तुमचा फ्लॅट विकला जाणार नाही आणि त्यावर कर्जही कोणी देणार नाही. ती ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे वाचून थबकणारा माणूस तुमच्या बाजूला हवा. बहिणींच्या सह्या राहिल्या आहेत, हे व्यवहारापूर्वी कळले तर सह्या आणता येतात, किंमत कमी करता येते, नाहीतर दुसरे घर पाहता येते.

मिळकत सोसायटीतला जुना फ्लॅट असेल तर कागदांची साखळी वेगळी असते. बिल्डरने पहिल्या घेणाऱ्याला दिलेला करारनामा, त्यानंतरची प्रत्येक विक्री, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि त्याच्या मागच्या बाजूच्या हस्तांतरणाच्या नोंदी. यातला प्रत्येक मूळ कागद पाहायचा, झेरॉक्स नव्हे. एखादा मूळ करारनामा ‘घर बदलताना हरवला’ असे सांगितले गेले, की पोलिसांतली तक्रार, प्रमाणित प्रत आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस एवढे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. हरवलेला म्हणून सांगितलेला कागद एखाद्या सावकाराच्या कपाटात असू शकतो. मूळ दस्त ठेवून घेऊन कर्ज देणे हे कायद्याने मान्य असलेले गहाण आहे आणि त्याला नोंदणीकृत दस्त लागत नाही. २०११ मध्ये गहाणांची केंद्रीय रजिस्ट्री सुरू झाली आणि २०१३ पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल करणे सक्तीचे झाले, म्हणून आता निदान बँकांची गहाणे शोधता येतात. त्याआधीची गहाणे इंडेक्सच्या सर्चमध्ये येतीलच असे नाही.

सोसायटीच्या नॉमिनेशनवरून होणारे घोळ तर प्रत्येक तालुक्यात सापडतील. आई गेली, नॉमिनी धाकटा मुलगा, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर केले, आणि तो फ्लॅट विकायला निघाला. नॉमिनी वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ ने तर हे स्पष्टच केले आहे, की मृत्युपत्र किंवा वारसाचे दाखले येईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. बाकीच्या भावंडांनी हक्क सोडलेला नसेल तर त्याने दिलेले खरेदीखत तुम्हाला त्याच्या वाट्यापुरतेच काही देते. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने प्रेमाने दिलेली ना हरकत या बाबतीत काहीही भरून काढत नाही.

‘बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे टायटल क्लिअर आहे.’ हे वाक्य मला इतरांपेक्षा जास्त घातक वाटते, कारण त्यात अर्धे सत्य आहे. बँक सर्च घेते, हे खरे. पण तो अहवाल बँकेसाठी लिहिलेला असतो. फी तुम्ही भरता, अहवाल अनेकदा तुम्हाला दाखवलाही जात नाही. बँकेला पाहायचे असते ते दिलेले कर्ज वसूल होईल का. तिच्या हातात घराखेरीज तुमचा पगार आहे, सहकर्जदार आहे. तुम्ही स्वतःच्या खिशातून घातलेली रक्कम बुडाली तर बँकेचे काही जात नाही. पार्किंग कागदावर आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, साठेखतात तारीख उलटली तर दंड कोणाला, हे प्रश्न तुमचे आहेत.

नवीन बांधकामात परिस्थिती बरी आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. महारेरा मे २०१७ मध्ये सुरू झाले. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. मालकी हक्कात दोष निघाला आणि त्यामुळे नुकसान झाले तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीचे बंधनही नाही. प्रकल्पाचा कायदेशीर मालकी अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर वाचता येतो. वकिलाने तो वाचावा, आणि त्यात उल्लेखलेले दस्त मागवावेत. पण जुन्या इमारतींत, १९६३ च्या मोफा या फ्लॅटविषयक कायद्याने चार महिन्यांत करून द्यायचे जमिनीचे अभिहस्तांतरण कितीतरी सोसायट्यांना दशकानुदशके मिळालेले नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट खुली झाली ती त्याचमुळे. जुना फ्लॅट घेताना खालची जमीन अजून कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पुनर्विकासाच्या वेळी तो सगळ्यांच्या दारात येऊन उभा राहतो.

आता वेळेबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. इंग्लंडमध्ये किंमत ठरल्यावरही दोन्ही बाजू मोकळ्या असतात. दोघांचे सॉलिसिटर तपासण्या करतात, प्रश्नोत्तरे करतात, आणि करारांची अदलाबदल झाल्यावरच व्यवहार बांधील होतो. अनामतही तेव्हाच दिली जाते. तिथे राहणाऱ्या मुलाने घर घेतले की आईवडील हैराण होतात, एवढे महिने कशाला लागतात म्हणून. आपल्याकडे रविवारी घर पाहिले जाते, संध्याकाळी ‘दुसरी पार्टी तयार आहे’ असा फोन येतो, सोमवारी लाखभर रुपये टोकन जाते आणि वकील आठवतो तो साठेखताच्या आदल्या दिवशी. तोपर्यंत विसारपावतीवर काहीतरी लिहून सही झालेली असते. त्या पावतीत एकच वाक्य असले तरी पुरते : खरेदीदाराच्या वकिलाला मालकी हक्क निर्वेध आढळला नाही तर संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. हे वाक्य आधी लिहून घेणारा वकील पुढच्या सगळ्या कामापेक्षा मोठे काम करून जातो. त्यानंतर सर्च, त्यानंतर निदान एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस, हरकतींसाठी दिलेली मुदत संपली की साठेखत, आणि मग खरेदीखत.

खरेदीखतात विकणारा लिहून देतो, की मिळकत निर्वेध व बोजारहित आहे आणि लिहून घेणाराला कोणत्याही प्रकारची तोशीस लागू देणार नाही. हे कलम हवेच. पण दहा वर्षांनी तोशीस लागली तेव्हा विकणारा कुठे असेल, त्याच्याकडे काय उरलेले असेल, याची हमी हे कलम देऊ शकत नाही.

विकणाऱ्याला वकील कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या फ्लॅटवर कर्ज चालू असेल तर घेणाऱ्याच्या बँकेचा धनाकर्ष विकणाऱ्याच्या बँकेत जातो, आणि मूळ कागद सुटून येईपर्यंत दोन्ही बाजू अधांतरी असतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत करायचे आहेत, उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. पण मधल्या दिवसांत चावी कोणाकडे, हे करारातच लिहावे लागते. पूर्ण पैसे येण्याआधी ‘मुलीचे लग्न आहे, सामान ठेवू द्या’ म्हणून दिलेला ताबा परत मिळवताना माणसे म्हातारी होतात. भाऊ अमेरिकेत असेल तर त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथे रीतसर करून, इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते. कुलमुखत्यारपत्र देणारा गेला की तेही सामान्यतः संपते, आणि काका वारले तरी पुतण्या जुन्या ‘पॉवर’वर सही करतो आहे, अशा व्यवहारांतून पुढे खटलेच उभे राहतात. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर हा नियम बदलतो आणि कपात पुष्कळ मोठी होते, ती न केल्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

गोव्यात घर घ्यायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी दोन ओळी. तिथे सातबारा नाही, फॉर्म एक आणि चौदा आहे. आणि पोर्तुगीज काळापासूनच्या कौटुंबिक कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. कागदावर नाव एकाचे असले तरी सही दोघांची लागते. वारसांची वाटणी तिथे इन्व्हेंटरीच्या न्यायालयीन कामकाजातून होते. इथल्या वकिलाने इथल्या सवयीने काढलेला सर्च तिथे अपुरा पडतो, तिथलाच वकील घ्यावा.

मुंबईत सॉलिसिटरकडून टायटल तपासून घेण्याची रीत जुनी आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी १८९४ मध्ये स्थापन झाली, आणि तिची सॉलिसिटरची परीक्षा आजही तरुण वकील देतात. पण ती रीत मोठ्या मिळकतींपुरती राहिली. गिरगावातल्या चाळीतून डोंबिवलीला गेलेल्या किंवा साताऱ्याहून पिंपरीला आलेल्या कुटुंबापर्यंत ती कधी पोहोचली नाही. त्याला वकीलमंडळीही जबाबदार आहेत. ठोक भावाने काढलेले सर्च, न पाहता जोडलेले दाखले, बिल्डरची फी घेऊन ग्राहकाला दिलेले ‘क्लिअर’चे पत्र, हे सगळे घडते. म्हणून वकील निवडतानाही विचारायला हवे : या बिल्डरचे किंवा विक्रेत्याचे काम तुम्ही करता का, सर्च स्वतः घेता की माणूस पाठवता, अहवालात काय सापडले नाही तेही लिहून देणार का, आणि तो तुमच्या सहीने, माझ्या नावे असेल का.

फीबद्दल. मुद्रांक शुल्क शहरात सहा-सात टक्के, नोंदणी फी एक टक्का पण तीस हजारांपर्यंत, एजंटाची दलाली एक-दोन टक्के. या सगळ्यापुढे वकिलाची फी बहुतेक वेळा लहान असते, आणि घासाघीस होते ती तिथेच. नवीन मॉड्युलर किचनच्या एका कपाटाएवढ्या पैशांसाठी लोक तीस वर्षांचा माग सोडून देतात, हे पाहून वाईट वाटते.

पुढच्या प्रकरणांत सातबारा, फेरफार आणि मिळकत पत्रिका कशी वाचावी यापासून सुरुवात केली आहे; मग साखळी दस्त, सोसायटी, महारेरा, साठेखताची कलमे आणि शेवटी विकणाऱ्याची बाजू. म्हाडा, सिडको आणि कलेक्टरच्या जमिनीवरच्या सोसायट्यांना वेगळे प्रकरण दिले आहे, कारण तिथे परवानगी आणि हस्तांतरण शुल्काचे नियम निराळे आहेत आणि घेणाऱ्याला ते बहुधा उशिरा कळतात. शेतजमीन मुद्दाम सोडली आहे; बिगर शेतकऱ्याने ती घेण्याचे प्रश्न स्वतंत्र पुस्तकाचे आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आपल्या वकिलाला विचारायचे प्रश्न दिले आहेत. पुस्तक वाचून कोणी स्वतःच सर्च काढायला जावे यासाठी ते नाहीत. समोर बसलेल्या वकिलाचे काम नीट चालले आहे की नाही, हे कळावे यासाठी आहेत. अहवाल हाती आला की खरेदीखताच्या फाइलमध्येच ठेवा. तुम्ही घर विकायला काढाल, त्या दिवशी घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारेल.